पाऱ्याच्या वाफेतून हायड्रोजन मोजताना: क्षपणक वायूंच्या डिटेक्टरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस क्रोमॅटोग्राफ हाताळता येतो, पण हा डिटेक्टर पहिल्यांदाच समोर आलाय, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि लॅबमधल्या सहकाऱ्यांसाठी हे पान आहे. प्रश्न खरोखर विचारले गेलेले आहेत. काही तर दर पावसाळ्यात नव्याने येतात.

हा डिटेक्टर नेमकं काय करतो?

कॉलममधून सुटा होऊन आलेला वायू तापलेल्या मर्क्युरिक ऑक्साइडच्या छोट्याशा थरातून जातो. वायू क्षपणक असेल, म्हणजे समोरच्याचा ऑक्सिजन काढून घेणारा असेल, तर तो ऑक्साइडचा ऑक्सिजन घेतो आणि पारा मोकळा करतो. हायड्रोजनचं पाणी होतं, कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि दोन्हींत एका रेणूमागे पाऱ्याचा एक अणू वाफ होऊन बाहेर पडतो. ही वाफ पुढच्या नळीत जाते. तिथे एका बाजूला पाऱ्याचाच दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा डायोड. पाऱ्याचे अणू २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश फार जोरात शोषतात. प्रकाश जितका कमी पोहोचला, तितका पारा जास्त सुटला.

थोडक्यात, या डिटेक्टरला हायड्रोजन दिसतच नाही, त्याला फक्त पारा दिसतो. तो पारा कुणी सोडवला हे त्याला माहीत नसतं, ते कॉलमने आणि तुम्ही ठरवायचं. खालची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीतून निघतात.

थर २६५ अंशांच्या आसपास का ठेवतात? आणखी तापवला तर सिग्नल वाढेल ना?

सिग्नल वाढेल, पण बेसलाइनही, म्हणजे नमुना नसतानाचा सिग्नल, वाढेल. मर्क्युरिक ऑक्साइड नुसत्या उष्णतेनेही फुटतो. १७७४ साली प्रिस्टलीने भिंगाने ऊन एकवटून हाच ऑक्साइड तापवला आणि ऑक्सिजन मिळवला, हे शाळेत वाचलेलं असतं. त्याला हवी असलेली क्रिया आपल्याला नको आहे. क्षपण चटकन व्हावं आणि आपोआप फुटणं कमी राहावं, असं मधलं तापमान निवडतात. वायुमंडलाच्या कामात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या ट्रेस अॅनालिटिकलच्या आरजीए-३ सारख्या यंत्रांत ते २६५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. एसीचा झोत थेट यंत्रावर येत असेल तर बेसलाइन एसीच्या तालावर वरखाली होते, आणि ती लाट पाहून लोक उगाच दिवा बदलतात.

कोणते वायू यात दिसतात?

मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. शिवाय एथिलीन, अॅसिटिलीन, आयसोप्रीन यांसारखे दुहेरी-तिहेरी बंधाचे हायड्रोकार्बन, अॅल्डिहाइड आणि हायड्रोजन सल्फाइड. मिथेन जवळजवळ दिसत नाही, आणि ही सोय मोठी आहे, कारण हवेत मिथेन १९०० पीपीबीच्या पुढे आहे. नायट्रोजन, ऑक्सिजन, आरगॉन यांनाही डिटेक्टर ओळख देत नाही. पीपीबी म्हणजे अब्ज रेणूंमागे एक.

आमच्याकडे टीसीडी (वायूच्या उष्णतावाहकतेवर चालणारा डिटेक्टर) आणि एफआयडी (ज्योतीवर चालणारा) आहेत. त्यांवर भागणार नाही का?

ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले वायू किंवा बायोगॅस मोजत असाल तर आरामात भागेल. तिथे हायड्रोजन लाखात काही भाग किंवा त्याहून जास्त असतो. नायट्रोजन वा आरगॉन कॅरिअरवर, म्हणजे नमुना पुढे वाहून नेणाऱ्या वायूवर, टीसीडी तो दाखवतो, आणि कार्बन मोनॉक्साइड मिथेनायझर (त्याचा मिथेन करणारा) लावून एफआयडीवर येतो. अशा कामाला हा डिटेक्टर जोडणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर कांदे तोलणं. थर लवकर संपेल आणि सिग्नल छताला टेकून राहील.

हवेतला ५०० पीपीबी हायड्रोजन मात्र टीसीडीच्या आवाक्यात नाही आणि एफआयडीला हायड्रोजन दिसत नाही. क्षपणक डिटेक्टर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही १ पीपीबीच्या आसपास, चांगल्या जुळणीत त्याखालीही पकडतो, आणि तेही एका मिलिलिटर हवेत, नमुना गोठवून दाट न करता.

साध्या हवेत हे वायू असतात तरी किती? आपल्याकडे कुणी मोजलेत का?

स्वच्छ हवेत हायड्रोजन साधारण ५०० ते ५५० पीपीबी असतो. कार्बन मोनॉक्साइड उत्तर गोलार्धात १०० पीपीबीच्या आगेमागे आणि दक्षिणेत त्याच्या निम्म्याच्या जवळपास. गंमत अशी की हायड्रोजन उलटा वागतो आणि दक्षिण गोलार्धात किंचित जास्त भरतो. त्याला सर्वांत जास्त माती खाते, मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि जमीन उत्तरेकडे जास्त आहे.

आपल्याकडची नोंद गोव्यात आहे. काणकोण तालुक्यातल्या काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरली जात होती. फ्लास्क ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या अॅस्पेंडेलला, सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत जायचे, आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन याच मर्क्युरिक ऑक्साइडच्या पद्धतीने मोजले जायचे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून, त्याही पलीकडे विषुववृत्ताखालून वारा येतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड उतरतो. हिवाळ्यात वारा जमिनीकडून येतो, चुली, शेकोट्या, गाड्या, कारखाने यांची हवा घेऊन, आणि आकडा चढतो. मान्सूनचा वारा फिरला हे त्या कड्यावर उभं राहून अंगाला कळतंच, फ्लास्कमधल्या हवेवरूनही ते वाचता येतं.

कॉलम कोणते लावायचे?

प्रचलित जोडी म्हणजे पुढे युनिबीड्सचा (सिलिकेच्या मण्यांचा) छोटा कॉलम आणि मागे मॉलिक्युलर सीव्ह ५ए, म्हणजे रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणारी बारीक छिद्रांची चाळणी. पहिला कॉलम पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि जड हायड्रोकार्बन अडवतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड पुढे गेले की व्हॉल्व्ह फिरवून पहिला कॉलम उलट्या दिशेने धुऊन काढायचा. सीव्हमधून हायड्रोजन आधी येतो, पीक उंच आणि सडपातळ. मग कार्बन मोनॉक्साइड, बुटका आणि थोडा पसरट. उलटं धुणं वेळेवर झालं नाही तर सीव्हमध्ये पाणी मुरतं आणि कार्बन मोनॉक्साइडची वेळ दिवसागणिक अलीकडे सरकत जाते. तसं दिसलं की सीव्ह डिटेक्टरपासून सोडवून कोरड्या वायूच्या प्रवाहात रात्रभर भाजा. जोडलेला ठेवून भाजला तर सगळी घाण थरावर जाईल.

कॅरिअर गॅस ‘अल्ट्रा हाय प्युरिटी’ आहे. तरी प्युरिफायर हवाच का?

हवाच. का ते हिशोबाने पाहू, कारण इथे अंदाज नेहमी चुकतो.

एक मिलिलिटर हवा इंजेक्ट केली, त्यात ५०० पीपीबी हायड्रोजन आणि १०० पीपीबी कार्बन मोनॉक्साइड आहे. दोन्ही मिळून पारा सुटतो साधारण ५ नॅनोग्रॅम. आता कॅरिअर बघा. प्रवाह मिनिटाला २० मिलिलिटर, आणि त्यात क्षपणक वायू फक्त १० पीपीबी. लेबलवर ९९.९९९ टक्के लिहिलेल्या सिलिंडरमध्ये उरलेला हिस्सा १० पीपीएम, म्हणजे १०,००० पीपीबी असू शकतो, त्यामुळे १० पीपीबी काहीच नाही. तरीही या कॅरिअरमुळे मिनिटाला सुमारे १.६ नॅनोग्रॅम पारा सुटत राहतो. नमुना दर २० मिनिटांनी देत असाल तर दोन नमुन्यांच्या मध्ये ३३ नॅनोग्रॅम. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, त्या नमुन्याच्या सहापटींहून जास्त पारा कॅरिअरनेच उडवला.

त्याचे तीन परिणाम. बेसलाइन उंच बसते, तिच्यावरची खरखर वाढते, आणि थर नमुने न देताही झिजत जातो. ‘यंत्र तर वापरलंच नाही, मग संपलं कसं?’ या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

कॅरिअर म्हणून नायट्रोजन चालतो, कृत्रिम हवाही चालते. हवेत ऑक्सिजन असल्यामुळे ऑक्साइड आपोआप फुटणं थोडं दबतं, शिवाय प्लॅटिनम-पॅलेडियमचा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट लावून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जाळून टाकता येतात. त्यानंतर मॉलिक्युलर सीव्हचा ट्रॅप, म्हणजे तयार झालेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अडतात. नायट्रोजनवर हा कॅटॅलिस्ट लावला तर त्याला जाळायला ऑक्सिजन कुठून मिळणार, हे विसरू नका. तिथे तापवलेला धातूचा गेटर, म्हणजे अशुद्धी शोषून धरणारा धातू, बरा.

आणि सिलिंडर शेवटपर्यंत पिळू नका. घरचा गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करून आणखी दोन दिवस काढायची आपली सवय इथे महागात पडते. दाब उतरला की सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेला ओलावा आणि कचरा जास्त प्रमाणात बाहेर येतो. २०-३० बार शिल्लक असतानाच बदला.

एका स्टँडर्डवर कॅलिब्रेशन करून भागेल का?

नाही. हा डिटेक्टर सरळ रेषेत चालत नाही, विशेषतः हायड्रोजनसाठी. दुप्पट हायड्रोजनला दुप्पट पीक मिळेलच असं नाही. वक्र किती वाकलेला आहे हे प्रत्येक यंत्रात वेगळं असतं आणि थर जुना होत जातो तसं बदलतंही. शेजारच्या लॅबचं समीकरण उसनं आणू नका.

आमची पद्धत अशी: अपेक्षित पल्ल्याच्या खाली, मध्ये आणि वर मिळून निदान चार-पाच स्टँडर्ड, आणि त्यांतून वक्र, तोही काही महिन्यांनी पुन्हा. रोजच्या कामात प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर एकच ‘रोजचं स्टँडर्ड’, म्हणजे यंत्राची हळूहळू सरक त्या दोघांत वाटून काढता येते. एवढं केलं की हायड्रोजनचा पुनःप्रत्यय अर्ध्या ते एक टक्क्यात बसतो. स्टँडर्ड हवेतच बनवलेलं घ्या. नायट्रोजनमधल्या स्टँडर्डवर हवेचे नमुने मोजू नका.

मोठा घोळ सिलिंडरचा. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये हायड्रोजन वर्षागणिक वाढत जातो, कधी थोडा, कधी भलताच, आणि कोणत्या सिलिंडरमध्ये किती हे आधी सांगता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडही सरकतो. जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यात हायड्रोजनचं मूळ माप जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेकडे आहे, आणि चांगल्या प्रयोगशाळा आपली स्टँडर्ड तिथल्या मापाशी पुन्हा पुन्हा ताडून घेतात. तुमच्या सिलिंडरवरचं प्रमाणपत्र तीन वर्षांपूर्वीचं असेल, तर तो आकडा तीन वर्षांपूर्वीच्या सिलिंडरचा आहे.

नमुना प्लॅस्टिकच्या बॅगेत आणला तर?

ताज्या फळाची जशी घाई करता तशी करा. बॅग उन्हात ठेवली तर तिच्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रबरी सेप्टम, साध्या ओ-रिंग, नवी न धुतलेली स्टीलची नळी, सगळ्यांतून थोडं थोडं काहीतरी निघतच असतं. काचेचा फ्लास्क, चांगला व्हॉल्व्ह, आणि आधी त्याच ठिकाणच्या हवेने भरपूर धुणं, याला पर्याय नाही. भरताना वारा येतो त्या दिशेला तोंड करून उभे राहा, श्वास आवरा. माणसाच्या उच्छ्वासात दोन्ही वायू पीपीएममध्ये असतात, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या उच्छ्वासात कार्बन मोनॉक्साइड तर कितीतरी पट जास्त.

विहिरीच्या पाण्यातला हायड्रोजनही यावर मोजतात म्हणे?

मोजतात, आणि मला हा उपयोग फार आवडतो. भूजलात ऑक्सिजन संपला की जिवाणू लोह, सल्फेट किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून जगतात. त्यांतलं कोणतं काम जोरात चाललंय हे पाण्यातल्या हायड्रोजनवरून ओळखता येतं. लोहाचं क्षपण चालू असेल तर लिटरला १ नॅनोमोलच्या खाली, सल्फेटचं असेल तर १ ते ४, मिथेन बनत असेल तर ५ च्या पुढे. वाहत्या पाण्यात वायूचा बुडबुडा धरून ठेवायचा, साधारण अर्ध्या तासात तो पाण्याशी समतोलात येतो, मग तो इंजेक्ट करायचा. १ नॅनोमोल म्हणजे बुडबुड्यात सुमारे १३०० पीपीबी, डिटेक्टरसाठी सोपं काम. फक्त विजेचा पाणबुडी पंप आणि लोखंडी केसिंग स्वतःच हायड्रोजन सोडतात, म्हणून अशा बोअरवेलचा आकडा आधी संशयाने बघा.

तेच स्टँडर्ड सिंहगडावर आणि मुंबईत वेगळं पीक देतं. यंत्र बिघडलं?

नाही, हवेचा दाब वेगळा आहे. सॅम्पल लूपचं (नमुना मापून धरणाऱ्या नळीचं) आकारमान ठरलेलं असतं, पण त्यात रेणू किती मावतील हे दाब आणि तापमान ठरवतं. पुण्याच्या उंचीवर दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-एक टक्क्यांनी कमी, सिंहगडावर आणखी कमी. लूप भरल्यावर प्रवाह थांबवून दहा-पंधरा सेकंद बाहेरच्या दाबाशी जुळू द्या, मगच व्हॉल्व्ह फिरवा. नमुना आणि स्टँडर्ड लागोपाठ, एकाच पद्धतीने दिले की फरक आपोआप कटतो. सकाळचं स्टँडर्ड आणि संध्याकाळचा नमुना अशी जोडी लावली तर कटत नाही.

वीज जाऊन आली की हायड्रोजनचा आकडा चढतो. डिटेक्टर तापल्यावर असं होतं का?

आम्हीही तसंच समजून दोन महिने घालवले. वीज गेली की यंत्र यूपीएसवर चालायचं, वीज आल्यावर तासाभरात खोलीच्या हवेतला हायड्रोजन चढायचा आणि रात्री उतरायचा. स्टँडर्डची पीक मात्र जागची हलत नव्हती, आणि तिकडे आधीच लक्ष द्यायला हवं होतं. शेवटी एका सहकाऱ्याने हवेची नळी हातात धरून खोलीभर फिरवली. कपाटामागे यूपीएसच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या होत्या. चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात, आणि वीज आल्यावर त्या जोरात चार्ज व्हायच्या. डिटेक्टर अगदी बरोबर सांगत होता. बॅटऱ्या व्हरांड्यात गेल्या, आमची लाज खोलीतच राहिली.

एफआयडीसाठी हायड्रोजन जनरेटर त्याच खोलीत असेल तरी हीच कथा होते.

बेसलाइन चढत चाललीये. आधी काय तपासू?

कॅरिअर. मग पुन्हा कॅरिअर: सिलिंडर नुकता बदलला का, रेग्युलेटर नीट धुतला का, प्युरिफायरचं वय किती. त्यानंतर जोडण्यांतली गळती. नळीत दाब बाहेरपेक्षा जास्त असला तरी फटीतून खोलीची हवा उलट आत झिरपते, हे पुष्कळांना पटत नाही, पण झिरपते. दिवा म्हातारा झाला तर प्रकाशच कमी होतो आणि खरखर वाढते. थर संपत आला तर पीक खुजी होते आणि शेपटी लांबते. थर बदलल्यावर पहिले काही दिवस आकडे लिहून ठेवा, पण वापरू नका.

फ्युएल सेलच्या हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड मोजता येईल?

आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा ०.२ पीपीएम आहे, म्हणजे डिटेक्टरच्या दृष्टीने भरपूर. अडचण उरलेल्या ९९.९ टक्के हायड्रोजनची. तो थरावर गेला तर थर एका झटक्यात पारा ओकेल. हायड्रोजनची पीक पूर्ण बाहेर सोडून मगच प्रवाह डिटेक्टरकडे वळवणारा व्हॉल्व्ह बसवला असेल तरच प्रयत्न करा, आणि वेळा आधी टीसीडीवर पक्क्या करा.

पाऱ्याचा धोका किती?

एका इंजेक्शनमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे वर्षभर चालवूनही नमुन्यांमुळे मिलिग्रॅमचा छोटा अंश. पण यंत्राचं तोंड खोलीत उघडं सोडायचं कारण नाही. बाहेर जाणाऱ्या वायूवर गंधक किंवा आयोडीन मुरवलेल्या कोळशाचा ट्रॅप लावा आणि पुढची नळी फ्यूम हूडमध्ये सोडा. खरा धोका थर बदलताना असतो, कारण मर्क्युरिक ऑक्साइडची भुकटी विषारी आहे. थर गार झाल्यावर, हूडमध्ये, हातमोजे घालून काम करा. जुना थर आणि जुना ट्रॅप घातक कचऱ्यात जातात, २०१६ च्या नियमांप्रमाणे, कोपऱ्यातल्या डब्यात नव्हे. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे, त्यामुळे आज ना उद्या हा प्रश्न खरेदी विभागही विचारेल.

मग लेझरचं यंत्र का घेत नाही?

कार्बन मोनॉक्साइडसाठी जरूर घ्या. ते जास्त सोपं, सलग आणि सरळ रेषेत चालणारं आहे. हायड्रोजनसाठी नाही, कारण दोन सारख्या अणूंचा हा रेणू अवरक्त प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, लेझरला तो दिसत नाही. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे हेलियमवर चालणारा पल्स्ड डिस्चार्ज आयनायझेशन डिटेक्टर. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्रविषयक सरकारी संस्थेने हायड्रोजनसाठी तो स्वीकारला आहे. पारा नाही, रेषा सरळ. पण अतिशुद्ध हेलियम सतत लागतो, आणि हेलियम आपल्याकडे बाहेरून येतो. नवं यंत्र घ्यायचं असेल आणि हेलियमचा खर्च दहा वर्षं पेलणार असेल तर मी तोच घेईन. चालू स्थितीतला क्षपणक डिटेक्टर हाताशी असेल तर तो मोडीत काढणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बंद करून जाऊ का?

चार-आठ दिवसांसाठी नको. कॅरिअरचा प्रवाह कमी करून, हीटर चालू ठेवून जा. परत आल्यावर स्थिर व्हायला लागणारे एक-दोन दिवस वाचतात. महिनाभरासाठी बंद करायचंच असेल तर आधी हीटर बंद, थर पूर्ण गार होईपर्यंत कॅरिअर चालू, मग कॅरिअर बंद, आणि दोन्ही टोकांना टोप्या. हीटर चालू आणि कॅरिअर बंद अशी स्थिती कधीही येऊ देऊ नका. सिलिंडर सुट्टीत मध्येच संपला तर नेमकं तेच होतं, म्हणून जाण्याआधी दाब बघा आणि दारावर चिठ्ठी लावून जा.